कसेल त्याची जमीन कारवार जिल्ह्यात सतरा वर्षं उशिरा : दिनकर देसाई यांची गोष्ट

१ एप्रिल १९५७ हा दिवस महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात कृषक दिन म्हणून नोंदलेला आहे. मुंबई राज्याच्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे त्या दिवशी जमीन कसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. अपवाद होते, हप्ते भरायचे होते, तहसील कचेरीत खेटे घालायचे होते. तरी सातबाऱ्यावर कुळाचं नाव मालक म्हणून चढायची वाट त्या दिवसाने मोकळी केली.

आता चंदगड आणि खानापूर हे दोन तालुके बघा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दोन्ही बेळगाव जिल्ह्यात, दोन्ही मुंबई राज्यात, दोन्हीकडे कायदा एकच. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली. चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात राहिलं, खानापूर म्हैसूर राज्यात गेलं. पाच महिन्यांनी चंदगडच्या कुळाला कृषक दिन मिळाला. खानापूरच्या कुळाला मिळाला नाही. खानापूरला लागून असलेल्या सुपे तालुक्यालाही नाही. हा सुपे म्हणजे आजचा जोयडा. म्हैसूर सरकारने मुंबईच्या कायद्यातली मालकी देणारी कलमं आपल्याकडे आलेल्या जिल्ह्यांपुरती स्थगित केली, आणि इथल्या कुळाला १९७४ पर्यंत थांबावं लागलं. सतरा वर्षं. सीमाप्रश्नावर मराठीत इतकं लिहून आलं, पण हा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

याच उत्तर कानडा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कारवार जिल्ह्यात, हीच मागणी घेऊन १९३० च्या दशकाअखेरीपासून एक माणूस उभा होता. दिनकर देसाई. दांडेलीच्या जनता विद्यालयामुळे त्यांच्या ट्रस्टचं नाव जोयड्याच्या बाजूला माहीत आहे. कन्नड वाचणाऱ्यांना ते चुटुकब्रह्म म्हणून, म्हणजे चार ओळींच्या कवितेचे बादशहा म्हणून ठाऊक आहेत. पण कुळांचा पुढारी, खलाशांचा कार्यकर्ता, मुंबईत गोखल्यांच्या संस्थेत घडलेला समाजवादी वळणाचा माणूस ही त्यांची ओळख मराठी वाचकाला जवळजवळ नाहीच. ते पलीकडच्या भाषेचे म्हणून असेल कदाचित.

जन्म १० सप्टेंबर १९०९ चा. घराणं अंकोला तालुक्यातल्या अलगेरीचं. तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १८६२ साली तो मद्रासकडून मुंबईकडे आला आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे कारवार-अंकोल्याच्या हुशार पोराची वाट एकतर धारवाडकडे जायची किंवा बोटीत बसून मुंबईला. देसाई म्हैसूरलाही शिकले, पण शेवटी पोचले मुंबईतच. सेंट झेवियर्समध्ये इतिहासात एम.ए. केलं, कायदाही शिकले. वकिली करून घर बांधता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी १९३० च्या दशकात भारत सेवक समाजाचं सभासदत्व पत्करलं.

भारत सेवक समाज ही गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेली संस्था. तिच्या सभासदाने स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, संस्था देईल त्या तुटपुंज्या मानधनावर जगायचं आणि आयुष्य सार्वजनिक कामाला द्यायचं असा नियम. राजकारण मवाळ, शिस्त मात्र कडक. संस्थेच्या मुंबई शाखेत तेव्हा ना. म. जोशी होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस १९२० साली आयटकच्या स्थापनेत होता आणि दिल्लीच्या कायदेमंडळात वर्षानुवर्षं कामगारांच्या बाजूने कलम न् कलम भांडत होता. कामावर हात तुटला तर भरपाई, बाळंतपणात रजा आणि पगार, संघटना काढायचा हक्क. या गोष्टी मालकाच्या मर्जीच्या नाहीत, कायद्याच्या आहेत, हा धडा देसाईंनी तिथे घेतला.

वाट्याला काम आलं खलाशांचं. मुंबई बंदरात बोटीवर चढणारे बरेच जण कोकणातले आणि गोव्याचे. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे कुक नि बटलर. बोटीवर नोकरी मिळायची ती सारंग आणि दलाल यांच्या हातून, त्यांना पैसे चारून. सफर संपली की खलाशी पुन्हा बेकार. मग पुढच्या बोटीची वाट बघत खानावळवाल्याचं कर्ज, आणि ते फेडायला पुन्हा त्याच दलालाचे पाय धरायचे. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी. भरती दलालामार्फत नको, सरकारी कचेरीतून व्हावी अशी शिफारस सरकारच्याच समितीने १९२२ साली केली होती. ती अमलात यायला स्वातंत्र्य मिळावं लागलं. या सगळ्याचा अभ्यास करून देसाईंनी भारतातल्या सागरी कामगारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९४० साली आलं.

त्याआधी १९३८ साली त्यांचं आणखी एक पुस्तक निघालं होतं, प्राथमिक शिक्षणावर. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या पुस्तकाच्या विषयात आहे.

गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं. फार मोठी मागणी नव्हती. जिथे स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथे हळूहळू सक्ती करावी, खर्चाचा वाटा सरकारने उचलावा, इतकंच. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारने कारण दिलं पैशाचं आणि लोकांची तयारी नसल्याचं. बड्या जमीनदारांच्या विरोधामागे हिशेब वेगळा होता. पोरं शाळेत गेली तर गुरं कोण राखणार, शेतात कोण राबणार. तिजोरीची काटकसर आणि मालकाची सोय एकाच बाजूला मतदान करतात, हे तेव्हा उघड दिसलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ पासून संस्थानाच्या तिजोरीतून सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं तेव्हा इच्छा असली की पैसा निघतो हेही दिसलं. ब्रिटिश मुलखात मात्र १९३० नंतरच्या मंदीत सरकारने हात आणखी आखडता घेतला. १९३१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात जेमतेम नऊ-दहा होती. देसाईंचं पुस्तक या पार्श्वभूमीवरचं. विषय शाळांचा, पण प्रश्न सरकारचा पैसा कोणासाठी खर्च होतो, हा.

मुंबईत खलाशी आणि गावाकडे कुळं, असा त्यांचा दुहेरी संसार सुरू झाला.

अंकोल्याची तेव्हाची ओळख कर्नाटकाची बार्डोली अशी होती. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, पुढे सारा न भरण्याची चळवळ इतकी नेटाने चालली की घरादारांवर जप्त्या आल्या. हा इतिहास खरा आणि अभिमानाचा आहे. पण सारा भरायचा किंवा नाकारायचा प्रश्न येतो तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. जमीन कसणारे हालक्की वक्कल आणि इतर कष्टकरी यांचा संबंध सरकारी साऱ्याशी नव्हता, मालकाच्या खंडाशी होता. कानडा जिल्ह्यात कुळाचे दोन प्रकार. मूलगेणी म्हणजे कायमचं कूळ, त्याला सहसा हलवता येत नसे. चालगेणी म्हणजे वर्षावर्षाचं कूळ, मालकाला वाटेल तेव्हा उठवावं. गेणी म्हणजे खंड. तो बहुधा भातात मोजून द्यायचा, पीक बुडालं तरी ठरलेला. निम्मं पीक, कुठे त्याहूनही जास्त खळ्यावरूनच जायचं. शिवाय मालकाच्या घरची फुकटची कामं. पावसाळ्यात घरात दाणा नसला की त्याच मालकाकडून भात उसनं आणायचं आणि सुगीला वाढीदिढीने फेडायचं.

देसाईंनी या चालगेणी कुळांची संघटना बांधली. खंड कमी करा, वेठ बंद करा, कुळाला उठवू नका. या मागण्यांच्या पुढचं पाऊल होतं कसेल त्याची जमीन. आज हे शब्द भिंतीवर रंगवून गुळगुळीत झालेत. तेव्हा अंकोल्यात ते बोलणं म्हणजे स्वातंत्र्याच्या चळवळीतल्याच काही घरांच्या अंगणात जाऊन त्यांच्या भाताच्या कोठारावर बोट ठेवणं होतं. आधी इंग्रज जाऊ द्या, कुळांचं मग बघू, असं म्हणणारे सगळीकडे होते. कुळाला मात्र इंग्रज वर्षातून एखाददा दिसायचा आणि मालकाचा कारभारी रोज.

सरकारने उत्तर दिलं ते जिल्हाबंदीचं. १९४० च्या सुमारास देसाईंना उत्तर कानडा जिल्ह्यात पाऊल टाकायला मनाई झाली आणि ती पाच वर्षं टिकली. ज्या जिल्ह्यात जन्म, जिथे संघटना, तिथे जायचं नाही. मुंबईतलं काम चालूच होतं. गावाकडच्या कुळांना मात्र ऐन महायुद्धाच्या टंचाईत आपला वकील नव्हता.

मुंबई सरकारने पहिला कुळकायदा १९३९ साली केला. तो आधी निवडक जिल्ह्यांपुरता लागू झाला आणि सबंध इलाख्यात पोचायला १९४६ उजाडलं. कागदावर कायदा आणि गावात जुनीच रीत, अशी ती सात वर्षं. मालकांना हवा तेवढा वेळ मिळाला.

याच सुमाराला मुंबई शाखेतलेच दुसरे दोघे वेगळ्या वाटेने गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर. दोघंही भारत सेवक समाजाचे, दोघंही पुढे कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत गेले, आणि १९४५ ते ४७ च्या वारल्यांच्या लढ्यामुळे ठाणे जिल्ह्यातली वेठबिगारी मुळापासून हादरली. गोदावरीबाईंनी त्यावर लिहिलेलं जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक मराठी वाचकाला माहीत आहे. देसाई समाज सोडून गेले नाहीत. त्यांचा मार्ग संघटना, अर्ज, कायदा, निवडणूक, वर्तमानपत्र असा सरळ आणि सनदशीर राहिला. तलासरीत जे दोन वर्षांत झालं त्याला अंकोल्यात तीस वर्षं लागली, असं कोणी म्हणेल. ते खोटं नाही. पण तलासरीत लाल बावटा आला तसाच गोळीबारही आला, आणि त्यात आदिवासी मेले. कोणती वाट बरोबर हे लांबून ठरवणं सोपं असतं. एवढं खरं की दोघांनी प्रश्न एकाच शाळेत वाचला होता.

१९४८ चा मुंबईचा कुळकायदा जास्त नेटका होता. खंडाला कमाल मर्यादा आली, कोरडवाहूला पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा. कुळाला उठवणं अवघड झालं. आता मालकांनी दुसरा मार्ग काढला. कुळाकडून राजीखुशीने जमीन सोडल्याचा कागद करून घ्यायचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने, म्हणजे भारत सेवक समाजानेच १९३० साली काढलेल्या संस्थेने, या कायद्याची गावोगाव पाहणी केली. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या त्या अहवालात हेच पुढे आलं, की कायदा असूनही कुळं मोठ्या प्रमाणावर आपण होऊन जमिनी सोडत होती. आपण होऊन, म्हणजे अंगठा उठवून. कागदात काय लिहिलंय ते वाचणारा घरात कोणी नसला की राजीखुशी कशी असते ते गावाकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

देसाईंनी १९५३ साली कॅनरा वेल्फेअर ट्रस्ट काढला तो या अंगठ्याच्या काळात. वरवर बघितलं तर कुळांचा पुढारी थकून शिक्षणसंस्था काढायला लागला असं वाटेल. तसे पुढारी आपण सीमेच्या दोन्ही बाजूंना ढीगभर पाहिलेत, संस्था आधी, मग कारखाना, मग जावई. देसाईंचं प्रकरण तसलं नाही. ज्या कुळाच्या जमिनीसाठी भांडलो त्याच्या पोराला त्या जमिनीचा कागद वाचता आला पाहिजे, हा क्रम त्यांच्या कामात सरळ दिसतो. अंकोल्यापासून सुरुवात झाली आणि पुढे जिल्हाभर जनता विद्यालयं निघाली. नावातच जनता. तालुक्याच्या गावी सरकारी किंवा मिशनचं हायस्कूल असायचं, तिथवर पोचणं खेड्यातल्या पोराला जमत नसे. म्हणून हायस्कूलच त्याच्याजवळ न्यायचं. दांडेलीत कागदाचा कारखाना आला, आजूबाजूच्या जंगलातली माणसं मजूर म्हणून तिथे गोळा झाली, तिथेही ट्रस्टची शाळा गेली. कारवारचं दिवेकर कॉलेज ट्रस्टचंच. आणि अंकोल्याचं कॉलेज १९६६ साली सुरू झालं तेव्हा गोखल्यांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती, म्हणून त्याचं नाव गोखले सेंटेनरी कॉलेज. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या मराठी माणसाचं नाव, कन्नड कवीने दिलेलं, हालक्की पोरांच्या कॉलेजाला. १९१२ साली पडलेल्या विधेयकाची थोडी परतफेड तिथे झाली म्हणायची.

यात एक पेच आहे आणि तो झाकायचं कारण नाही. शिक्षण ही सरकारची जबाबदारी, धर्मादाय नव्हे, असं मानणाऱ्या परंपरेतला माणूस शेवटी देणग्या गोळा करून ट्रस्ट चालवतो. म्हणजे सरकारने हात आखडता घ्यायचा आणि भल्या माणसांनी झोळी फिरवायची, याला ते मान्यता देणंच झालं का? उत्तर कानड्यात तेव्हा दुसरा इलाज नव्हता हे खरं. पण ट्रस्टची शाळा निघाली की सरकार आपली शाळा काढायची घाई करत नाही, हेही खरं. देसाईंच्या बाजूने एवढं सांगता येतं की शाळा काढल्यावर त्यांनी खंडाचं भांडण सोडलं नाही. दोन्ही एकत्र चालू ठेवलं. नुसती शाळा काढून गप्प बसले असते तर मालकांनीच त्यांचा सत्कार केला असता.

भांडणाचं हत्यार होतं जनसेवक हे साप्ताहिक. त्यात बातम्या असायच्या, गाऱ्हाणी असायची आणि असायच्या देसाईंच्या चौपद्या. चार ओळी, यमक घट्ट, शेवटच्या ओळीत चिमटा. मराठीत आपण जिला वात्रटिका म्हणतो तिची ही कानडी बहीण. मंत्री, सावकार, भटजी, पुढारी, कोणी सुटलं नाही. निरक्षर माणसालाही एकदा ऐकून पाठ व्हावी इतकी सोपी भाषा. सभेत भाषण विसरलं जातं, चौपदी बाजारात पोचते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. लहान मुलांसाठीही त्यांनी खूप लिहिलं. आणि त्यांची सर्वांत गाजलेली कविता स्वतःच्या चितेच्या राखेवर आहे. ती राख वाऱ्यावर सोडा, जिथे भात पिकतं तिथे जाऊन पडू दे, अशी तिची कल्पना. कर्नाटकात ही कविता गाणं म्हणून घरोघर पोचली. ती कुळांच्या चळवळीतल्या माणसाने लिहिली आहे हे ऐकणाऱ्यातल्या अनेकांना माहीत नसतं.

१९६७ साली देसाई कानडा मतदारसंघातून लोकसभेवर गेले, अपक्ष म्हणून. मागे मोठा पक्ष नाही. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला आणि कारवार, सुपे, हल्याळवरचा महाराष्ट्राचा दावा आयोगाने फेटाळला. बेळगावात, मुंबईत रान पेटलं. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सुप्याचं कूळ मराठी बोलो, कोकणी बोलो की कानडी, कुळकायद्याच्या बाबतीत ते चंदगडच्या कुळाच्या दहा वर्षं मागे होतंच. म्हैसूरने १९६१ साली स्वतःचा जमीन सुधारणा कायदा केला, तो लागू झाला १९६५ च्या गांधी जयंतीला, आणि त्यात मालकाने जमीन परत घ्यायच्या इतक्या वाटा होत्या की कुळाच्या हाती फारसं काही लागलं नाही. देशपातळीवरही तो काळ हात आखडण्याचा. दोन दुष्काळ, रुपयाचं अवमूल्यन, पंचवार्षिक योजनेला १९६६ ते ६९ अशी तीन वर्षं सुट्टी. एकट्या अपक्ष खासदाराने दिल्लीत किती हलवायचं याला मर्यादा होती. १९७१ ला त्यांची खासदारकी संपली.

जे त्यांना खासदार म्हणून करता आलं नाही ते देवराज अरस यांच्या सरकारने केलं. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकातल्या कुळांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळाने अर्ज करून मालकी मिळवायची असं ठरलं. निवाड्यासाठी तालुक्या-तालुक्यात न्यायाधिकरणं बसली. कोर्टाची पायरी नको, वकिलाची गरज नको. पण अर्ज मात्र हवा, तोही मुदतीत. किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांत अर्ज मोठ्या संख्येने पडले आणि कुळांना जमिनी मिळाल्या. जिथे कुळांची जुनी संघटना होती आणि घरात एखादा तरी शिकलेला होता तिथे हा कायदा चालला, यात नवल नाही. शेजारी गोव्यातही १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला मालक केलं, पण तिथली प्रकरणं मामलेदाराकडे आणि कोर्टात किती वर्षं रखडली हे काणकोण-सांग्याच्या लोकांना विचारावं.

देसाईंनी हा दिवस डोळ्यांनी पाहिला. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं.

जोयड्याची गोष्ट मात्र इथे संपत नाही, कारण जोयड्यात मालक वेगळा आहे. घाटाखाली कुळासमोर माणूस होता, त्याचं नाव-गाव होतं, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत होता. घाटावर सुप्याच्या रानात भाताच्या खाचरांपुरती कुळं होती. बाकी कुणबी, गवळी, सिद्दी यांचं जगणं जंगलावर, आणि जंगलाचा मालक सरकार. पूर्वी हे लोक कुमरी करायचे. रानाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, नाचणी-वरी काढायची, मग दुसरीकडे जायचं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कुमरी आवळत आणली, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली. सागवान महत्त्वाचं, नाचणी नाही. स्वातंत्र्यानंतर खातं तेच, गणवेश तोच. जिल्ह्याचा सुमारे ८० टक्के भाग जंगल आहे. १९७४ च्या न्यायाधिकरणात कूळ खाजगी मालकाविरुद्ध जाऊ शकत होतं, वनखात्याविरुद्ध नाही. कसेल त्याची जमीन हे तत्त्व अंकोल्याच्या खाजणात लागू पडलं आणि अणशीच्या चढावर येऊन थांबलं.

त्यात धरण आलं. काळी नदीवरच्या सुपे धरणाचं काम देसाईंच्या हयातीतच सुरू झालं. १०१ मीटर उंचीच्या भिंतीमागे सुपे हे तालुक्याचं गावच पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि तालुक्याला नवं नाव मिळालं. उठवलेल्यांतले कितीतरी जण रामनगरला वसले. वीज कर्नाटकभर गेली. ज्याच्या नावावर सातबारा त्याला नुकसानभरपाई, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमणदार म्हणून कसत होता त्याला काय, हा प्रश्न इथे पुन्हा कागदावर येऊन ठेपला.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. जंगलात राहणाऱ्या आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. सिद्दींना उत्तर कन्नडमध्ये २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांना तो नाही. ते वर्षानुवर्षं मागत आहेत. देसाईंनी ज्यांच्यासाठी जिल्हाबंदी भोगली ते हालक्की वक्कलही मागत आहेत. तोवर दाव्याच्या फायलीला पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा जोडायचा आहे, आणि तो शोधायला लागतो त्या काळातला, जेव्हा गावात शाळा नव्हती आणि वनखात्याच्या वहीत या माणसाची नोंद झालीच असली तर ती दंडाच्या पावतीवर.